खोली भरली की दार बंद

ब्रुसेल्सच्या फॉसडेममध्ये, म्हणजे ओपन सोर्स (ज्याचा कोड कोणालाही बघता, वापरता आणि बदलता येतो अशा) सॉफ्टवेअरवाल्यांच्या कॉन्फरन्समध्ये, यंदा मी एका खोलीच्या दारावर स्वयंसेवक म्हणून उभा होतो. आतली शेवटची खुर्ची भरली की 'ही खोली भरली आहे' असा छापील कागद दारावर चिकटवायचा आणि त्यानंतर कोणालाही आत सोडायचे नाही, एवढेच काम. कागद लावून होतो न होतो तोच एक पन्नाशीचे गृहस्थ आले. आत ज्या सॉफ्टवेअरबद्दल एक मुलगी बोलणार होती, ते सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे सांभाळणारे हेच. मी त्यांना चेहऱ्याने ओळखत होतो, त्यामुळे कागदाकडे बोट दाखवताना माझाच हात जड झाला. ते म्हणाले, "बरोबर आहे." मग कॉरिडॉरमध्ये भिंतीला पाठ टेकून फरशीवर बसले, फोनवर त्याच खोलीचे थेट प्रक्षेपण लावले आणि शेवटपर्यंत ऐकत राहिले. मधेच खिशातून कागद काढून काहीतरी टिपून घेत होते. व्याख्यान संपल्यावर ती मुलगी बाहेर आली, तेव्हा उठून तिला दोन प्रश्न विचारले.

रात्री हा प्रसंग मी आपल्या सोलापूरच्या ग्रुपवर लिहिला. तासाभरात उत्तरांचा पाऊस. "एवढ्या मोठ्या माणसाला बाहेर बसवलं? काय बे दादा!" "सरकून घ्यायचं की जरा." एकाने तर थेट लिहिले, "आपल्याकडे असं केलं तर पुढच्या वर्षी कोणी येणार नाही."

ही पोरे सोलापुरात दोन दिवसांची ओपन सोर्स कॉन्फरन्स करायला निघाली आहेत, म्हणून या उत्तरांवर सविस्तर लिहावेसे वाटले.

फॉसडेम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २००० साली ओएसडीईएम या नावाने सुरू झाले, पुढच्या वर्षी त्यात 'फ्री'चा एफ आला. ब्रुसेल्सच्या मुक्त विद्यापीठाच्या सॉल्बॉश परिसरात, हिवाळ्यातल्या एका शनिवार-रविवारी भरते. प्रवेश फी नाही, नावनोंदणी नाही, गळ्यात ओळखपत्र नाही. हजारो माणसे ७१ नंबरच्या बसमधून उतरतात आणि सरळ आत चालायला लागतात. कोण किती येणार हे आयोजकांना आधी कळायला मार्गच नाही. सर्वांत मोठे सभागृह सुमारे १४०० खुर्च्यांचे, पण बहुतेक खोल्या साध्या वर्गखोल्या आहेत. फाटक इतके मोकळे ठेवायचे असेल तर मोजणी खोलीच्या दारावरच करावी लागते. आग लागली तर खुर्च्यांमधल्या वाटेवर माणसे उभी नसावीत, हे उघड कारण. पण दिवसभर उभे राहिल्यावर मला दुसरेही दिसले. आत जो बसला आहे त्याला शांतपणे ऐकता येते, बोलणाऱ्याच्या पायाशी कोणी बसलेले नसते, आणि बाहेर राहिलेल्याला आपल्याला का बाहेर ठेवले हे ठाऊक असते. ओळखीने कोणी आत गेला, असे कोणालाही म्हणता येत नाही.

आता आपली बाजूही मांडतो, कारण ती लटकी नाही. सरकून घेणे ही आपल्याकडची मोठी गोष्ट आहे. हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये तिघांच्या बाकड्यावर चौथ्याला बसवणारी माणसे आपली आहेत. इथे परदेशात मला पहिल्या वर्षी त्याचीच सगळ्यात जास्त आठवण यायची. ट्राममध्ये शेजारची जागा रिकामी असूनही लोक उभे राहतात, कोणी "बसा की" म्हणत नाही. आणि गर्दी सांभाळायला आपण बेल्जियमकडून शिकावे, हे तर मला अजिबात पटत नाही. संक्रांतीच्या गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला, येणारे लोक बघितले तर फॉसडेमची गर्दी एका गल्लीतही दिसणार नाही.

गड्ड्यावरून आठवले, आणि हेच मला पोरांना सांगायचे आहे. सिद्धेश्वरांचे नंदीध्वज, म्हणजे यात्रेच्या मिरवणुकीत उचलायच्या उंच काठ्या, सात. प्रत्येकाचे मानकरी ठरलेले, वेगवेगळ्या समाजांकडे. आपला ध्वज उचलायचा, आपली माणसे तयार करायची, सराव आपापला करायचा. त्यासाठी कित्येक दिवस आधीपासून रात्री गल्लीगल्लीत सराव चालतो. ६८ लिंगांची प्रदक्षिणा आणि संमती कट्ट्यावरच्या लग्नाच्या अक्षता, या वेळा मात्र सगळ्यांना एकच. कोणी एक माणूस सात ध्वज उचलत नाही. फॉसडेम अगदी असेच चालते. तिथे 'डेव्हरूम' नावाच्या खोल्या असतात आणि त्या त्या समुदायाला एका किंवा अर्ध्या दिवसासाठी सोपवलेल्या असतात. पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरवाले आपली व्याख्याने आपण निवडतात, आपला सूत्रधार आपण ठरवतात, वेळेची पाटी आपण दाखवतात. मध्यवर्ती मंडळी जागा, वीज, नेटवर्क, कॅमेरे आणि वेळापत्रक तेवढे सांभाळतात. म्हणजे आपल्याला जमणार नाही, हे मला कोणी सांगू नये. ही पद्धत आपल्या गावाच्या हाडात आहे.

मग पोरांनी पाठवलेला आराखडा वाचून मला वाईट का वाटले? कारण त्यात खोल्या नव्हत्या, फक्त व्यासपीठ होते. निमंत्रणपत्रिकेचा मसुदा आला. अर्धे पान प्रमुख पाहुणे, अध्यक्ष, विशेष उपस्थिती, स्वागतोत्सुक. खाली बारीक अक्षरात "विविध तज्ज्ञांची व्याख्याने". सकाळी दहा ते साडेअकरा उद्घाटन, दीपप्रज्वलन, सत्कार. दोनशे खुर्च्यांचा हॉल आणि "तीनशे तर येतीलच, बसवू की".

मी फोनवर सांगितले की सत्कार काढा. त्यावर आमच्या जुन्या कॉलेजातले सर रागावले. ते म्हणाले, "तुझ्याकडे विद्यापीठ जागा देतं आणि गप्प बसतं. इथं प्राचार्यांनी शब्द टाकला म्हणून हॉल फुकट मिळतोय, लॅबची चावी मिळतेय, जनरेटरचं डिझेल कॉलेजचं. त्यांना शाल-श्रीफळ दिलं तर तुझं काय गेलं?" सरांचे म्हणणे खोटे नाही, आणि आपल्याकडे माणसाच्या शब्दावर एवढे उभे राहते याचा मला अभिमानच आहे. माझ्या ऑफिसात एक बैठकीची खोली मिळवायची तर तीन फॉर्म भरावे लागतात. तरीही मी माझ्या मतावर ठाम आहे. बार्शीहून पहाटेची एसटी पकडून आलेल्या मुलीचा दीड तास शालीत गेला, तर ती पुढच्या वर्षी येणार नाही. शेवटी सरांनीच तोड काढली. समई पाच मिनिटांत. प्राचार्यांना शाल नाही, तर काम द्यायचे: शाळा-कॉलेजांच्या शिक्षकांची खोली त्यांनीच चालवायची. प्राचार्य खुश झाले म्हणे. मला तर हे सत्कारापेक्षा मोठे वाटते.

प्रसिद्धीबद्दल पोरांचा सगळा भर व्हॉट्सॲपवर होता. रंगीत पोस्टर, शंभर ग्रुप, "जास्तीत जास्त संख्येने उपस्थित राहावे". अशा पोस्टरने कोणी येत नाही असे नाही, पण जो येतो तो काय ऐकायला येतो हे त्याला स्वतःलाच माहीत नसते. फॉसडेमला मी काही आठवडे आधी घरी बसून दोन दिवसांचे वेळापत्रक आखून ठेवतो, कारण प्रत्येक व्याख्यानाचे नाव, दोन परिच्छेदांचा सारांश, खोली आणि वेळ आधीच जाहीर झालेली असते. वेळापत्रक हीच त्यांची जाहिरात. त्यासाठी त्यांनी वापरलेले प्रीटॅल्क्स हे सॉफ्टवेअरसुद्धा ओपन सोर्स आहे. आपल्या पोरांनी ते एका भाड्याच्या सर्व्हरवर चढवले आणि व्याख्यानांचे प्रस्ताव मागवायला सुरुवात केली.

पहिला प्रस्ताव आला: "लिनक्सचे महत्त्व". लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम. पाठवणारे एका तालुक्याच्या शाळेतले शिक्षक. माझा मावसभाऊ म्हणाला, असलं कंटाळवाणं नको. मी म्हटले, आधी त्यांना फोन कर. फोनवर कळले की शाळेच्या लॅबमधली यंत्रे विंडोज १० वर होती, १४ ऑक्टोबर २०२५ पासून त्याची नेहमीची सुरक्षा दुरुस्ती थांबली, नवीन विंडोज त्या जुन्या यंत्रांवर चढेना, आणि भंगारात द्यायची बोलणी सुरू झाली. त्या शिक्षकांनी सुट्टीत बसून सगळ्यांवर लिनक्स टाकले आणि मुलांना मराठी टायपिंग त्यावरच शिकवले. आता व्याख्यानाचे नाव आहे: "भंगारात निघालेली शाळेची लॅब परत कशी चालू केली". हे एक नाव जिल्ह्यातल्या शाळांच्या ग्रुपवर गेले आणि दुसऱ्या दिवशीपासून "आम्हालाही यायचंय" असे फोन सुरू झाले. पोस्टरला असे फोन आले नव्हते.

वेळापत्रक लवकर जाहीर करण्याचे आपल्याकडे आणखी एक कारण आहे, जे फॉसडेमवाल्यांना सुचणारही नाही. अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढ्याच्या मुलींना घरून परवानगी घ्यायची असते. "कार्यक्रम संध्याकाळपर्यंत" असे लिहिले तर बाप नाही म्हणतो. "शेवटचे व्याख्यान साडेचारला संपेल, पाचला स्टँडवर सोडू" असे लिहिले आणि खाली एका मॅडमचा नंबर दिला, तर विचार करतो. म्हणून वेळ पाळणे हा शिष्टाचार नाही, त्या मुलीची शेवटची एसटी आहे. वक्ता कितीही रंगात आला तरी पाटी दाखवायची आणि माइक घ्यायचा.

तारखेवर फार वाद झाला नाही. डिसेंबरच्या आसपास विद्यापीठाच्या परीक्षा, मग गड्डा, एप्रिल-मेमध्ये तर विचारच नको, आषाढीला सगळे पंढरपूरच्या वाटेवर. फेब्रुवारी उरतो.

पैशाचेही पोरांनी चांगले जमवले. फॉसडेम प्रायोजक आणि देणग्यांवर चालते, पण पैसे दिले म्हणून व्याख्यानाची जागा विकत मिळत नाही. इथे एका दुकानदाराने जेवणाचा खर्च उचलतो म्हटले, अट एकच, दहा मिनिटे मंचावर बोलायचे. पोरांनी नम्रपणे नाही म्हटले आणि भोजनाच्या जागी फलक लावू असे सांगितले. तो तयार झाला. कडक भाकरी, शेंगाचटणी, पिठलं. फॉसडेमला फ्राइटसाठी, म्हणजे तळलेल्या बटाट्याच्या फोडींसाठी, थंडीत रांगेत उभे राहावे लागते, ते मी पोरांना मुद्दाम सांगितले.

काही जण म्हणतात, तू तिकडे बसून शहाणपणा शिकवतोस, इथे येऊन खुर्च्या उचल. मला ते लागते. नोकरी मिळाली तिथे गेलो, सोलापुरातल्या किती घरांतली मुले अशीच पुण्याला, हैदराबादला, पुढे परदेशात गेली. पण संध्याकाळी जेवण झाले की मी मराठी भाषांतराच्या ओळी तपासतो, प्रस्ताव पाठवणाऱ्या प्रत्येक नवख्या वक्त्याशी बोलतो, त्याची तालीम ऐकतो. तालमीत जो मुलगा घाबरून इंग्रजीत अडखळत होता, त्याला मराठीत बोल म्हटल्यावर तो वीस मिनिटे न थांबता बोलला. खुर्च्या उचलायला माणसे आहेत. तालीम ऐकायला कमी पडतात.

खोल्यांचे आता असे ठरले आहे. मुख्य हॉल दोनशेचा, दोनशे एकाव्या माणसाला बाहेरच्या पडद्यावर बघायचे. दारावर उभे राहायला एनसीसीच्या दोन मुली तयार झाल्या आहेत आणि कागद मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही भाषांत छापून झाला आहे. पहिली खोली शिक्षकांची, प्राचार्यांकडे. दुसरी मराठी भाषांतर आणि जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर वाचता येईल अशा अक्षरांत, आणण्याची. छापखानेवाले यात उत्साहाने उतरले आहेत, कारण त्यांच्याकडे वर्षानुवर्षांच्या लग्नपत्रिका आणि स्मरणिका जुन्या फॉन्टमध्ये अडकून पडल्या आहेत. तिसरी जॅकार्डची, म्हणजे कापडात नक्षी विणणाऱ्या मागाची. चादरीची नक्षी चौकटीच्या कागदावरून यंत्रमागापर्यंत कशी जाते आणि ती इंकस्केप, गिंपसारख्या चित्रे काढायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये कशी करता येईल, हे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले एक डिझायनर दाखवणार आहेत. शनिवारी त्यांचा माल निघतो, म्हणून ही खोली फक्त रविवारी. युरोपात जॅकार्डचा माग संगणकाचा पूर्वज म्हणून संग्रहालयात ठेवतात. आपल्याकडे तो रोज चालतो, आणि त्यावर दिवसभराची खोली लावणारी कॉन्फरन्स मी तरी अजून कुठे पाहिलेली नाही.

चौथी खोली तेलुगूसाठी राखून ठेवली आहे आणि ती अजून कोणी घेतलेली नाही. सोलापूरच्या पूर्व भागातले कोणी हे वाचत असेल, घरी तेलुगू बोलणारे आणि कॉलेजात कॉम्प्युटर शिकणारे किंवा शिकवणारे, तर ग्रुपवर लिहा. खोली एका दिवसासाठी पूर्ण तुमची: विषय तुम्ही निवडायचे, वक्ते तुम्ही बोलवायचे, दारावर माणूसही तुमचाच. प्रोजेक्टर आणि दोन माइक आम्ही देऊ. महिनाअखेरीपर्यंत कळवले तर वेळापत्रकात नाव छापता येईल.