चेंज रिपोर्ट, चार मृत्यूचे दाखले आणि अण्णांची सही – आमच्या साहित्य संस्थेचा माझा अनुभव

मी शाळेत मराठी शिकवते, थोड्या कविता लिहिते, आणि जून २०२२ मध्ये आमच्या तालुक्याच्या साहित्य संस्थेची कार्यवाह झाले. गाव कृष्णाकाठचं. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण पुढे लोकांच्या घरातल्या गोष्टी येणारेत. पण हे सगळं लिहून ठेवायचंच असं ठरवलं होतं, कारण आमच्यासारख्या लहान संस्था गावोगावी आहेत आणि यातल्या बऱ्याच जणांचं नेमकं इथेच, नवीन कार्यकारिणीच्या सरकारी नोंदीपाशी, अडतं.

साहित्य संस्थेची कार्यकारिणी म्हटलं की लोकांना पेपरात येतं तेच आठवतं, संमेलनाध्यक्ष कोण, कुणाचं पॅनल आलं, साहित्य महामंडळाचं कार्यालय आता पुण्याकडे की नागपूरकडे वगैरे. ते मोठ्या संस्थांचं झालं. आमची कार्यकारिणी म्हणजे अकरा माणसं, त्यात एक निवृत्त मुख्याध्यापक, एक जनावरांचे डॉक्टर, एक वीज मंडळातले वायरमन जे फार सुंदर ओव्या लिहितात, कापड दुकान चालवणारे खजिनदार, दोन शेतकरी, ग्रंथपाल काकू, आणि आम्ही काही शिक्षक. पगार नाही, भत्ता नाही, संमेलनाला पाहुणे कवी आले की कुणाच्या तरी घरी त्यांचं जेवण आणि कुणाच्या तरी गाडीत त्यांना स्टेशनला सोडणं. औदुंबरला संक्रांतीला संमेलन भरतं त्याला आम्ही लहानपणापासून जातोय, तसं काहीतरी आपल्याकडेही टिकावं एवढीच इच्छा.

तर झालं असं की आमचे जुने कार्यवाह नाना २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. तीन टर्म तेच कार्यवाह होते. चेकवर त्यांची आणि खजिनदारांची सही चालायची. मी निवडून आल्यावर ठराव घेऊन बँकेत गेले, सही बदलून द्या म्हणलं, तर बँकेतल्या मॅडमनी नीट बसवून सांगितलं की ठराव पुरत नाही, धर्मादाय कार्यालयाचा परिशिष्ट एकचा उतारा (तिथल्या संस्थेच्या नोंदीची नक्कल) आणा, त्यावर तुमची नावं पाहिजेत. उतारा काढला. त्यावर २०१३ ची कार्यकारिणी! म्हणजे २०१६, २०१९ आणि २०२२ अशा तीन निवडणुका झाल्या, गावानं बघितल्या, पण सरकारी कागदावर त्या झाल्याच नव्हत्या. आणि त्या अकरा नावांतली चार माणसं आता हयात नव्हती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आपल्याकडे अशी संस्था दोन ठिकाणी नोंदलेली असते, १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली. दुसऱ्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, ज्याला सगळे चेंज रिपोर्टच म्हणतात. उशीर झाला तर सोबत विलंब माफीचा अर्ज, कारणासहित, प्रतिज्ञापत्रावर. आणि आमच्या वकिलांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की थेट २०२२ चा रिपोर्ट घालून चालणार नाही, साखळी जोडावी लागेल, आधी २०१६, मग २०१९, मग आपला. प्रत्येकाला सभेची नोटीस, ती सभासदांना मिळाल्याचा पुरावा, इतिवृत्त, नवीन लोकांची संमतीपत्रं, गेलेल्या माणसांचे मृत्यूचे दाखले, आणि जे जिवंत आहेत पण बाहेर पडलेत त्यांची ना हरकत मिळाली तर फार सोपं, नाहीतर त्यांना नोटिसा, हरकती, सुनावण्या.

नोटीस मिळाल्याचा पुरावा यावर मी अडकणार असं वाटलं होतं. पूर्वी संस्था पोस्टातून यूपीसी करायच्या, म्हणजे पत्रं टाकल्याचा पोस्टाचा दाखला घ्यायच्या, गोल शिक्का मारलेली यादी मिळायची, ते पोस्टानं २०११ मध्ये बंदच केलं. मग नानांनी काय केलं असेल? नानांच्या घरी गेले. काकूंनी माळ्यावरून एक रेक्झिनची पिशवी काढून दिली. त्यात नोटीस वही होती. प्रत्येक सभेआधी नाना सायकलवरून घरोघर जाऊन सभासदाची सही आणि तारीख घ्यायचे, एकशे बेचाळीस सभासद, जे घरी नव्हते त्यांच्या पुढे 'पुन्हा येणे' असं लिहिलेलं आणि दोन दिवसांनी सही. मी ती वही तिथेच बसून पानापानानं बघितली. माझीही सही होती २०१६ ची, मला आठवतही नव्हतं की कुणी येऊन घेतली होती.

आणि वहीच्या मागे घडी घालून २०१६ चा चेंज रिपोर्ट. पूर्ण भरलेला, नानांच्या अक्षरात. सोबत बाहेर पडलेल्या सगळ्यांच्या ना हरकती होत्या, फक्त एकाची नव्हती. अण्णांची.

अण्णा म्हणजे २०१३ ते १६ चे आमचे अध्यक्ष. कथाकार माणूस. २०१५ च्या संमेलनानंतर गावात कुणीतरी उठवलं की वर्गणीतले पैसे अण्णांकडे राहिले. तोंडावर कुणी बोललं नाही पण सभेत हिशोबाच्या वेळी दोघं-तिघं हसले, अण्णा उठून गेले ते परत संस्थेच्या दारात आले नाहीत. नाना आणि ते शाळासोबती, तरी बोलणं बंद. नानांना ती सही मागता आली नाही आणि सहीशिवाय कागद द्यायचा, अण्णांना सरकारी नोटीस पाठवायची, हेही त्यांच्यानं झालं नाही. एका सहीपायी संस्था कागदावर २०१३ वरच थांबली. मी नानांना दोष देणार नाही. दोष त्या हसण्याचा आहे आणि आम्ही बाकीचे गप्प बसलो त्याचा आहे, मीही त्या सभेत होते.

दाखल्यांसाठी चार घरी गेले. तीन ठिकाणी लगेच मिळाले, चहा पण झाला. चौथ्या घरी मुलाला माहीतच नव्हतं की वडील कार्यकारिणीवर होते, तो म्हणाला आम्हाला वाटायचं दादा रविवारी उगाच बाहेर जातात. मी त्याला २०१४ च्या इतिवृत्तातलं वडिलांचं भाषण वाचून दाखवलं, शाळांमध्ये कथाकथन स्पर्धा घ्यावी असा ठराव त्यांनीच मांडलेला, ती स्पर्धा अजून चालू आहे आणि याच मुलाच्या मुलीनं त्यात भाग घेतला होता. त्यानं त्या पानाची झेरॉक्स मागितली.

अण्णांकडे तीनदा गेले. पहिल्यांदा दारातूनच परत. दुसऱ्यांदा बसा म्हणाले पण विषय काढू दिला नाही. तिसऱ्यांदा मी नानांनी भरलेला अर्ज घेऊन गेले आणि समोर ठेवला. अण्णा बराच वेळ त्या अक्षराकडे बघत होते. मग म्हणाले, "पोरी, सही करतो, पण माझ्या काळातला हिशोब बरोबर होता असं संस्थेनं लिहून द्यावं. तोंडी नको, ठराव पाहिजे."

मला हे योग्यच वाटलं. पण उगाच दयेनं ठराव करायचा नाही असं खजिनदारांनी आणि मी ठरवलं. त्यांच्या दुकानातल्या लोखंडी पेटीत २०१५ च्या सगळ्या पावत्या होत्या, मंडप, माईक, छपाई, प्रवासखर्च, अगदी हारफुलांची साठ रुपयांची चिठ्ठी सुद्धा. दोन रविवार बसून ऑडिट झालेल्या परिशिष्ट आठ आणि नऊशी (ताळेबंद आणि उत्पन्न-खर्चाचा तक्ता) ताळा केला. पै न् पै जुळली. उलट अण्णांनी स्वतःचे ४,३०० रुपये घातलेले आणि ते कधी मागितलेच नव्हते, हिशोबात देणं म्हणून तसंच पडून होतं. जादा सर्वसाधारण सभा बोलावली, पंधरा दिवस आधी नोटीस, वही घेऊन मी आणि वायरमन भाऊ मोटरसायकलवर घरोघर फिरलो. सभेत खजिनदारांनी एकेक पावती वाचली. ठराव एकमतानं झाला. २०१५ ला जे हसले होते त्यातल्या एकानंच अनुमोदन दिलं, उभं राहून, आणि खाली बसताना त्याचा आवाज बसला होता. दुसऱ्या दिवशी अण्णांनी सही केली.

२०१९ चं वेगळंच. ती निवडणूक जूनमध्ये झाली आणि ऑगस्टच्या महापुरात वाचनालयात पाणी शिरलं, कपाटाचे खालचे दोन कप्पे बुडाले. इतिवृत्ताची पानं एकमेकांना चिकटलेली. ग्रंथपाल काकूंनी तेव्हाच वर्तमानपत्राचे कागद मध्ये घालून पंख्याखाली आठवडाभर वाळवली होती म्हणून निदान वाचता तरी येत होती, शाई पसरलेली पण सह्या दिसत होत्या. सोबत हजर असलेल्यांची प्रतिज्ञापत्रं जोडली. ते चाललं.

मग कार्यालयाच्या फेऱ्या, तारखा, जाहीर नोटीस, पुराव्याचं शपथपत्र, एकदा फोटो जुना म्हणून परत, एकदा एका सभासदाचं आधारवरचं नाव आणि ठरावातलं नाव वेगळं. याच्यात लिहिण्यासारखं काही नाही, वेळ जातो एवढंच. पगार कापून रजा घेतल्या, वकिलांनी फी निम्मीच घेतली. तिन्ही आदेश हातात यायला सव्वा वर्षाच्या वर लागलं.

कुणी नवीन कार्यकारिणीवर आलं असेल तर एकच कळकळीनं सांगते. निकाल लागला की त्याच सभागृहात, चहा यायच्या आधी, निवडून आलेल्यांची संमतीपत्रं, फोटो, आधार आणि पॅनच्या झेरॉक्स घ्या आणि बाहेर पडणाऱ्यांच्या ना हरकती पण तिथेच घ्या. तेव्हा सगळे एका जागी असतात आणि बहुतेक एकमेकांशी बोलत असतात. नोटीस व्हॉट्सॲपवर टाकली तरी वहीत सही घ्याच. वही दोन ठिकाणी स्कॅन करून ठेवा.

नवीन उतारा घेऊन बँकेत गेले तेव्हा खजिनदार दुकान बंद करून सोबत आले होते. पहिला चेक मंडपवाल्याचा, दोन संमेलनं त्यानं उधारीवर मंडप घातला होता. दुसरा अण्णांचा, ४,३०० चा. अण्णांनी तो घेतला, पावती लिहून दिली, आणि मग विचारलं की पुढची कथाकथन स्पर्धा कधी आहे, परीक्षक ठरले का.