मॉर्गन, विन्स्लो आणि मरे: टेल्स ऑफ मंकी आयलंडमधली माणसं

टेल्टेल या कंपनीचा "टेल्स ऑफ मंकी आयलंड" हा व्हिडिओ गेम मला इतका का आवडतो हे एकदा नीट लिहून काढायचं होतं. हा गेम २००९ मध्ये जुलै ते डिसेंबरच्या दरम्यान पाच भागांत आला. कोडी मस्त आहेत, संगीत तर मंकी आयलंड मालिकेच्या पहिल्या गेमपासूनच्या मायकल लँडचं आहे म्हटल्यावर प्रश्नच नाही, पण माझं म्हणणं असं की हा गेम तरलाय तो बाजूच्या पात्रांवर. मालिकेचा हिरो, चाचा गायब्रश थ्रीपवुड, १९९० पासून आहे तसाच आहे, गोड, बडबड्या, उत्साही. बदलतात ती त्याच्या आजूबाजूची माणसं. (पुढे सगळी स्टोरी फोडणार आहे, खेळायचा असेल तर इथेच थांबा.)

सुरुवातच अशी की लचकला, म्हणजे गायब्रशच्या जुन्या चाचा शत्रूला, कायमचा संपवायला जी मंतरलेली तलवार लागते तिच्या सामानात गायब्रश स्वतःच्या मनाने अदलाबदल करतो, मग भूत-झोंबी असलेला लचक साधा माणूस होतो, त्याच्यातली वूडूची (काळ्या जादूची) घाण रोग होऊन चाच्यांमध्ये पसरते आणि गायब्रशचा डावा हात स्वतःच्याच मर्जीने वागायला लागतो. तो जाऊन पडतो फ्लॉट्सम बेटावर, जिथे वारं सगळीकडून आतच वाहतं त्यामुळे आलेलं जहाज बाहेर पडूच शकत नाही.

इथे भेटतो रेजिनाल्ड व्हॅन विन्स्लो. स्क्रीमिंग नारव्हाल जहाजाचा कॅप्टन. गायब्रश त्याचं जहाज चक्क ताब्यात घेतो आणि हा गृहस्थ राग धरायचं सोडून त्याच जहाजावर दुय्यम म्हणून राहतो, तेही मनापासून. दुसऱ्या कुठल्याही गेममध्ये अशा माणसाला दोन वाक्यं देऊन सोडून दिलं असतं. इथे तो पुढेही सोबत असतो, अदबीने बोलतो, आणि डेकवर गेलं की आधी त्याच्याशी बोलावंसं वाटतं.

आणि मॉर्गन लफ्ले! पहिला भाग संपतो तेव्हा ही पोरगी तलवार घेऊन गायब्रशसमोर उभी असते, दुसरा भाग सुरू झाल्या झाल्या त्याचा तो रोगट हात छाटते (मग हाताच्या जागी हूक), आणि मग कळतं की ती गायब्रशची फॅन आहे, त्याचे सगळे पराक्रम हिला माहितीयेत. पण तिला सुपारी दिलीय मार्की द सिंजने, म्हणजे त्या फ्रेंच डॉक्टरने, ज्याला अमर व्हायचंय आणि त्यासाठी तो हात हवाय. लहानपणापासून ज्याला हिरो मानलं त्यालाच पैशासाठी पकडून द्यायचं, हे विनोदी गेममध्ये इतकं खरं कसं लिहिलं असेल!

तिसरा भाग माझा सगळ्यात लाडका. अख्खं जहाज एका अजस्र मॅनेटीच्या (समुद्रगाईच्या) पोटात. तिथे कोरोनाडो द कावा नावाचा दर्यावर्दी त्याच्या माणसांसकट अडकून पडलाय, निघाला होता वूडू लेडी या जादूगारणीसाठी ला एस्पोंहा ग्रांदे हा स्पंज शोधायला, तिच्यावर याचा जीव, आणि गायब्रश आपला प्रतिस्पर्धी आहे हा संशय डोक्यात. आत राहून राहून त्या लोकांनी स्वतःची एक संघटनाच काढलीये. आणि तिथेच मरे! १९९७ च्या गेममधली ती बोलकी कवटी. धड नाही, हातपाय नाहीत, तरी जग जिंकायच्या गोष्टी. याच भागात तलवारीऐवजी चेहरे वेडेवाकडे करायची लढत आहे, आणि शेवटी बाहेर पडायचं तर मॅनेटीचं लग्नाचं जमवून द्यावं लागतं, म्हणजे गायब्रशने त्याच्या वतीने मादीशी गोड बोलायचं. मी तो सीन कितीही वेळा बघू शकतो.

आणि इतकं हसवून झाल्यावर त्याच भागाच्या शेवटी मॉर्गन त्याला बेशुद्ध करून द सिंजकडे घेऊन जाते. आपण तोवर तिला मैत्रीण समजायला लागलेलो असतो, म्हणून ते लागतं.

चौथ्या भागात खटला, गायब्रश स्वतःच स्वतःचा वकील आणि समोर सरकारी वकील कोण तर स्टॅन! जुन्या गेममधला तोच चौकड्यांच्या कोटवाला, हात हलवत जुनी जहाजं विकणारा. कोर्टात खटला चालवतोय आणि त्याच खटल्याच्या आठवणवस्तूही विकतोय, स्टॅन म्हणजे स्टॅनच. पण हाच भाग संपताना मॉर्गन गेलेली असते, आणि गायब्रशही, लचकच्या हातून. एवढे दिवस भला माणूस बनून फिरणारा लचक.

पाचव्या भागात मेल्यावरच्या जगात मॉर्गन परत भेटते. गायब्रश तिच्यावर डूख धरत नाही, तिला सोबत घ्यायला बघतो, आणि तीही मदत करते. त्या दोघांचं ते बोलणं घाईघाईत क्लिक करून पुढे ढकलू नका, सगळे पर्याय विचारून बघा. पाचही भाग ओळीने खेळा, अधला एखादा गाळून नाही, कारण मॉर्गन पाचही भागांत मिळून उभी राहते.