तुम्ही विचारलंत म्हणून: रिपब्लिकन माणूस पवनचक्कीची बाजू कशी मांडतो?

अमेरिकेच्या राजकारणावर बोलणं निघालं की हा प्रश्न हटकून येतो. रिपब्लिकन पक्षात राहून काही मंडळी स्वच्छ ऊर्जेची बाजू मांडतात, ती कशाच्या जोरावर? आणि त्यातून काही हाती लागतं, की नुसतीच शोभा?

लागतं, पण ठरावीक जागी. मागणी ‘वाटेतली आडकाठी काढा’ अशी असली की ही मंडळी बऱ्याचदा जिंकतात. ‘नवा कर लावा’ म्हटलं की तोंडघशी पडतात.

पक्षाचा जुना इतिहास इथे फारसा उपयोगी पडत नाही. पर्यावरण संरक्षण संस्था निक्सन यांच्या काळात १९७० साली निघाली, ओझोनचा माँट्रियल करार रेगन यांच्या कारकिर्दीत सिनेटने ८३ विरुद्ध ० मतांनी मंजूर केला, आम्लवर्षा रोखण्यासाठी सल्फर डायऑक्साइडच्या परवान्यांचा बाजार थोरल्या बुश यांच्या १९९० च्या कायद्याने उभा राहिला. सगळं खरं. पण आजच्या रिपब्लिकन मतदारापुढे ही नामावळी वाचली तर तो जांभई देतो. त्याला टेक्सास सांगावं.

तिथे १९९९ साली गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी वीजबाजार खुला करणाऱ्या कायद्यावर सही केली. त्याच कायद्यात २००९ पर्यंत २,००० मेगावॅट नवी अक्षय ऊर्जा उभारण्याचं बंधन होतं. (हो, बंधनच. कट्टर बाजारवाद्यांना याची आठवण करून दिलेली आवडत नाही.) घोडं अडलं ते तारांपाशी. वारा पश्चिमेला आणि पॅनहँडलमध्ये (राज्याच्या उत्तर टोकाच्या पट्ट्यात), गिऱ्हाईक डॅलस, ऑस्टिन, सॅन अँटोनिओत. वाहिनी नाही म्हणून बँक पवनप्रकल्पाला कर्ज देईना, प्रकल्प नाही म्हणून वाहिनीला मंजुरी मिळेना. रिक पेरी गव्हर्नर असताना २००५ च्या कायद्याने हा तिढा उलट्या टोकाकडून सोडवला: आधी वाऱ्याचे पट्टे जाहीर करायचे, तिथवर वाहिन्या न्यायच्या आणि खर्च ग्रिडवरच्या सगळ्या ग्राहकांत वाटायचा. सुमारे ७ अब्ज डॉलर आणि ३,६०० मैलांचं हे ३४५ किलोव्होल्टचं जाळं २०१४ च्या सुरुवातीपर्यंत पुरं झालं.

हे जमलं याचं एक कारण म्हणजे टेक्सासचं मुख्य ग्रिड राज्याच्या हद्दीतच आहे. हद्द ओलांडली की काय होतं ते सनझिया वाहिनीने दाखवलं. न्यू मेक्सिकोतून ॲरिझोनाकडे जाणारी ही साडेपाचशे मैलांची वाहिनी २००६ साली मांडली गेली, बांधकाम सुरू झालं २०२३ मध्ये. म्हणूनच परवान्यांची प्रक्रिया आटोपशीर करा, ही या मंडळींची सर्वांत जोरकस मागणी. २०२३ च्या कर्जमर्यादेच्या कायद्याने पर्यावरण परिणाम अहवालाला सर्वसाधारणपणे १५० पानं आणि दोन वर्षं अशी मर्यादा घातली. पानांच्या आकड्याला भुलू नये. परिशिष्टं त्यात धरत नाहीत, त्यामुळे जाडजूड मजकूर तिकडे सरकतो, आणि अहवालानंतरच्या कोर्टकचेऱ्यांना ही मुदत लागूच नाही.

जॉर्जियात टी पार्टीच्या (कमी कर, कमी सरकार मागणाऱ्या रिपब्लिकन गटाच्या) डेबी डूली यांनी पर्यावरणवाद्यांशी हातमिळवणी केली. त्यांचा सवाल सरळ होता: माझ्या छपरावरची वीज मी कोणाकडून घ्यायची हे मक्तेदार कंपनी का ठरवणार? २०१३ मध्ये पाचही सदस्य रिपब्लिकन असलेल्या वीज आयोगाने ३ विरुद्ध २ मतांनी जॉर्जिया पॉवरला ५२५ मेगावॅट सौरऊर्जा घ्यायला लावली. २०१५ च्या कायद्याने त्रयस्थ कंपनीला घराच्या छपरावर १० किलोवॅटपर्यंतचं संयंत्र स्वतःच्या पैशाने बसवायची मुभा मिळाली. पाणी मुरलं ते पुढेच. ग्रिडला दिलेली जास्तीची वीज महिन्याच्या वापरातून पूर्ण वजा करण्याची सोय फक्त ५,००० ग्राहकांपुरती होती, आणि ती २०२१ मध्ये भरली. मुभा मिळवून पुढारी घरी जातात आणि दर ठरवणाऱ्या सुनावणीला कोणी फिरकत नाही, ही नेहमीची चूक.

कराचं काय होतं तेही पाहा. फेब्रुवारी २०१७ मध्ये जेम्स बेकर आणि जॉर्ज शुल्ट्झ या पक्षाच्या ज्येष्ठांनी योजना मांडली: कार्बनवर टनाला ४० डॉलर कर, आलेला सगळा पैसा नागरिकांना परत, म्हणजे चौघांच्या कुटुंबाला पहिल्या वर्षी सुमारे २,००० डॉलर. माझ्या मते हिशेब चोख होता. पण गॅलनभर पेट्रोल जळलं की साधारण ९ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे पंपावर ३५ सेंटची वाढ. ती दर खेपेला डोळ्यांत खुपते, परतावा मागाहून येतो. जुलै २०१८ मध्ये प्रतिनिधीगृहाने कार्बनकराच्या विरोधातला ठराव २२९ विरुद्ध १८० मतांनी संमत केला. त्याच महिन्यात २४ डॉलरच्या कराचं विधेयक आणणारे फ्लोरिडाचे कार्लोस कर्बेलो नोव्हेंबरात निवडणूक हरले. पराभवाला इतरही कारणं होती, पण पक्षातल्या बाकीच्यांनी घ्यायचा तो धडा घेतला.

खरी लढाई काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या स्थानिक घटकाच्या) बोर्डाच्या बैठकीत होते, आणि पुष्कळदा एकाच आकड्यावर: पवनचक्की जमिनीच्या हद्दीपासून किती लांब हवी. मध्य-पश्चिमेत बरीचशी शेतजमीन मैल-बाय-मैलाच्या चौकोनांत आखलेली आहे. एक चौकोन ६४० एकरांचा. नियम ‘पात्याच्या टोकापर्यंतच्या उंचीच्या १.१ पट’ असेल, तर ६०० फुटी चक्कीसाठी चारी बाजूंनी ६६० फूट सोडून आत ३६० एकर उरतात. १,५०० फूट केलं की ११९. अर्धा मैल केलं की चौकोनाच्या मधोमध एक बिंदू. कागदावर बंदी नाही, पण चक्की उभी राहत नाही. म्हणून मोठं अंतर मागायचंच असेल तर ते शेजाऱ्याच्या घरापासून मोजा म्हणावं, आणि त्याची लेखी संमती असेल तर अंतर कमी करता येईल असं कलम घालून घ्यावं.

‘माझी जमीन, माझी मर्जी’ एवढ्यावर मात्र भागत नाही, कारण शेजारीही तेच म्हणतो. त्याच्या तक्रारी ठोस असतात. क्रेन आणि चर खोदणारी यंत्रं जमिनीखालचे निचऱ्याचे पाइप चेपतात आणि पुढच्या वसंतात शेतात पाणी तुंबतं. तेव्हा पाइपांचा नकाशा कामाआधी हवा, दुरुस्तीची मुदत करारात हवी. काउंटीचे रस्ते पूर्ववत करण्याचा करार वेगळा. आयुष्य संपल्यावर चक्की उतरवून पाया तीन-चार फूट खोलवर काढण्यासाठी तारण-रक्कम आधीच ठेवलेली हवी, आणि ती भंगाराची किंमत गृहीत धरून कमी केलेली नसावी, कारण भंगाराचा भाव कोसळला की खड्डा गावाच्या गळ्यात. रात्रभर लुकलुकणाऱ्या लाल दिव्यांवर उपाय आहे: विमान जवळ आलं तरच दिवे पेटवणारं रडार. बैठकीत हवामानावर भाषण करणाऱ्यापेक्षा ही यादी घेऊन येणाऱ्याचं ऐकलं जातं.

वॉशिंग्टनमधल्या अनुदानांचा भरवसा मात्र धरू नये. २१ रिपब्लिकन प्रतिनिधींनी मार्च २०२५ मध्ये ऊर्जेच्या करसवलती वाचवा म्हणून पत्र लिहिलं. मे महिन्यात त्या सवलती कापणारं विधेयक २१५ विरुद्ध २१४ असं संमत झालं, म्हणजे ‘हो’ म्हणणाऱ्यांतला एक जण जरी फिरला असता तरी पडलं असतं. ४ जुलैला कायदा झाला. सवलत हवी तर पवन आणि सौर प्रकल्पांनी ४ जुलै २०२६ पर्यंत बांधकाम सुरू करायचं, नाही तर २०२७ अखेरीस वीज द्यायला लागायचं. घरगुती सौर सवलत २०२५ अखेर संपली. अणुऊर्जा, भूऔष्णिक आणि वीज साठवणुकीच्या सवलती बऱ्याच अंशी टिकल्या. शिवाय ऑगस्टमध्ये अर्थखात्याने ‘बांधकाम सुरू’ची व्याख्या आवळली: ५ टक्के खर्च केला की सुरुवात धरायची, ही पळवाट दीड मेगावॅटपर्यंतच्या सौर संयंत्रांपुरतीच उरली. १९९२ मध्ये पवनऊर्जेची सवलत आणणारे आयोवाचे चक ग्रासली आणि युटाचे जॉन कर्टिस यांनी त्याआधी अर्थखात्याच्या नेमणुका अडवून धरल्या होत्या. पवन-सौरला थोडी उसंत मिळाली, एवढंच.

२०२५ मध्येच टेक्सासच्या सिनेटने अक्षय ऊर्जेला जखडणारी तीन विधेयकं संमत केली. एकात नव्या पवन-सौर प्रकल्पांना वेगळा परवाना, दुसऱ्यात नवी निम्मी वीजक्षमता हवी तेव्हा चालवता येणाऱ्या संयंत्रांची, तिसऱ्यात जुन्या प्रकल्पांनाही पर्यायी विजेची तजवीज बंधनकारक. सुनावण्यांत विरोधात उभे राहिलेल्यांमध्ये भाडेपट्ट्याचे पैसे मिळणारे जमीनमालक होते, उद्योजक होते. रिपब्लिकन बहुमताच्या खालच्या सभागृहात तिन्ही विधेयकं मुदतीत पुढे सरकली नाहीत आणि अधिवेशनाबरोबर बारगळली.