डब्लिन, लारा आणि ग्लेनक्री : एका जर्मन हेराच्या मागावर

दुसऱ्या महायुद्धात आयर्लंड तटस्थ होते. मात्र ब्रिटनचा शत्रू तो आपला मित्र, या हिशेबाने ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या आयरिश रिपब्लिकन आर्मी या बेकायदा सशस्त्र संघटनेने ‘आबवेर’ या जर्मन लष्करी हेरखात्याशी संधान बांधले होते. त्या खात्याने आयर्लंडमध्ये उतरवलेल्या हेरांपैकी सर्वाधिक काळ मोकळा राहिला तो हर्मान ग्योर्ट्झ, आणि त्याच्या पाऊलखुणा पाहण्यासाठीच मी हा प्रवास केला.

सुरुवात डब्लिनच्या किल्डेअर स्ट्रीटवरील राष्ट्रीय ग्रंथालयापासून करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ग्रंथालयाचे तत्कालीन संचालक रिचर्ड हेज यांनी ग्योर्ट्झची सांकेतिक लिपी उलगडली. कैदेतून तो चोरून बाहेर धाडत असलेले संदेश आयरिश लष्कराच्या गुप्तवार्ता विभागाच्या हाती पडत, आणि जर्मनीहून आल्याचे भासवणारी उत्तरे हाच विभाग त्याला पाठवी. हेरकथांत झोत नेहमी हेरावर पडतो. मला मात्र या प्रकरणातील खरा पराक्रम त्या ग्रंथपालाचाच वाटतो. येथील प्रदर्शने विनामूल्य पाहता येतात, पण घुमटाखालच्या वाचनकक्षात बसायचे असेल तर वाचकपत्राची व्यवस्था आधी करावी.

लारा या डब्लिनच्या दक्षिणेकडील विकलो काउंटीतल्या गावी जाण्यासाठी सेंट स्टीफन्स ग्रीनजवळून ग्लेंडलॉकची ‘सेंट केव्हिन्स’ बस मिळते. फेऱ्या मोजक्याच असल्याने परतीची वेळ निघतानाच पाहून ठेवावी. ५ मे १९४०च्या सुमारास ग्योर्ट्झ मीथ काउंटीत पॅराशूटने उतरला, तेव्हा त्याचा रेडिओसंच बांधलेले दुसरे पॅराशूट त्याला सापडलेच नाही. जर्मन हवाई दलाच्या गणवेशातच तो शंभराहून अधिक किलोमीटर चालत येथे इझोल्ट स्टुअर्ट यांच्या घरी पोहोचला. इझोल्ट या आयरिश राष्ट्रवादी नेत्या मॉड गॉन यांच्या कन्या. त्यांचे पती, लेखक फ्रान्सिस स्टुअर्ट, त्या वेळी बर्लिनमध्ये होते. ‘लारा कॅसल’ नावाचे ते घर खासगी मालमत्ता आहे. ते रस्त्यावरूनच पाहावे, आत डोकावू नये.

त्याच महिन्यात डब्लिनच्या टेंपलओग भागातील, ग्योर्ट्झला साथ देणाऱ्या स्टीफन हेल्ड यांच्या घरावर छापा पडला आणि पॅराशूट, रेडिओ ट्रान्समीटर, डॉलरच्या नोटा व उत्तर आयर्लंडवरील जर्मन आक्रमणाची ‘प्लॅन कॅथलीन’ ही योजना पोलिसांच्या हाती लागली. ग्योर्ट्झ निसटला, पण ज्या रिपब्लिकन आर्मीच्या भरवशावर तो आला होता तीच आतून पोखरलेली होती. १९४१मध्ये तिच्या सैनिकांनी आपलेच प्रमुख स्टीफन हेज (ग्रंथपाल हेज वेगळे) यांना फितुरीच्या संशयावरून डांबून ठेवले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ग्योर्ट्झ पकडला गेला.

लाराहून ग्लेनक्रीला जाणारा ‘मिलिटरी रोड’ १७९८च्या उठावानंतर बंडखोरांना डोंगरातून हुसकण्यासाठी ब्रिटिशांनी बांधला. सॅली गॅपमार्गे अंतर पंचवीसेक किलोमीटर असून या मार्गावर नियमित बस नाही, म्हणून मोटार भाड्याने घ्यावी. हिवाळ्यात बर्फामुळे रस्ता बंद होतो, त्यामुळे मे ते सप्टेंबर हा काळ उत्तम. ग्लेनक्रीला जुन्या दगडखाणीत वसवलेल्या जर्मन युद्धस्मशानात १३४ जण विसावले आहेत. जर्मनीला पाठवणी होणार हे कळल्यावर २३ मे १९४७ रोजी डब्लिनमध्ये विष घेतलेल्या ग्योर्ट्झचे अवशेष १९७४मध्ये डब्लिनच्या डीन्सग्रेंज दफनभूमीतून येथे आणले गेले. ब्रिटनने नजरकैदेत ठेवलेल्यांना नेणारे ‘आरांदोरा स्टार’ हे जहाज १९४०मध्ये बुडाले, त्यातील जर्मन नागरिकांच्या कबरीही येथे आहेत. त्यांच्यासाठी थोडा अधिक वेळ राखून ठेवावा.

अर्धा दिवस हाती उरल्यास डब्लिनच्या फेअरव्ह्यू पार्कमधील शॉन रसेल यांचा पुतळा पाहावा. रिपब्लिकन आर्मीचे हे माजी प्रमुख ऑगस्ट १९४०मध्ये मायदेशी परतताना जर्मन पाणबुडीतच वारले. नाझींशी केलेल्या या हातमिळवणीवरून वाद आजही शमलेला नाही. २००४च्या अखेरीस या पुतळ्याचे शिर तोडण्यात आले होते. म्हणूनच तेथे स्थानिकांशी या विषयावर बोलताना आधी त्यांचे ऐकून घ्यावे.