तीन, चार, पाच आणि गवंड्याची दोरी

घराच्या पायाची आखणी चालू असताना मी एकदा गवंड्याजवळ बराच वेळ उभा होतो. कोपऱ्यातल्या खुंटीपासून त्याने एका दोरीवर तीन फुटांवर आणि दुसरीवर चार फुटांवर खूण केली आणि त्या खुणांमधले अंतर बरोबर पाच फूट भरेपर्यंत दुसरी दोरी हळूहळू सरकवत राहिला. ते भरताच कोपरा काटकोनात आला. मोठ्या खोलीसाठी मात्र तो सहा, आठ आणि दहा फूट घेतो, कारण आखूड मापात राहिलेली बारीक चूक भिंत लांबत जाते तशी वाढत जाते. यामागचा पायथागोरसचा सिद्धान्त मीही शाळेत पाठ केला होता. चूक कशी वाढत जाते, हा हिशेब मात्र मला कोणी शिकवला नव्हता.

अशा कामाला आपण 'अंगमेहनत' म्हणून मोकळे होतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सिल्व्हिया स्क्रिबनर यांनी १९८०च्या दशकात एका डेअरीतल्या कामगारांचा अभ्यास केला होता. तिथल्या एका क्रेटमध्ये दुधाचे १६ डबे मावत आणि मागणी 'एक क्रेट वजा सहा' अशी, म्हणजे १० डब्यांची येई. समजा, शेजारी आठ डब्यांचा अर्धवट क्रेट पडला आहे. मुरलेला कामगार भरलेल्या क्रेटमधून सहा काढत न बसता त्या अर्धवट क्रेटमध्ये दोन घालून मोकळा होई. कमीत कमी उचलाठेव कशात आहे, हे तो नजरेनेच ठरवी. तेच काम विद्यार्थ्यांना दिले तेव्हा ते बहुतेकदा लिहिल्याप्रमाणे सहा डबे काढत राहिले.

ही नजर तोंडी सांगून येत नाही. पुढे फरशीचे काम निघाले, तेव्हा हाताखालच्या मुलाने बसवलेल्या फरश्यांवर गवंडी थापीच्या मुठीने ठोकत फिरला. एका फरशीचा आवाज पोकळ आला. तो काही बोलला नाही. तिथेच पुन्हा ठोकून त्याने मुलाकडे फक्त पाहिले. मुलाने फरशी उचलली, खाली वाकून पाहिले आणि ज्या कोपऱ्यात माल कमी पडला होता तिथे आणखी थापीभर घातला.