रॉटरडॅमचा रेट

नेदरलँड्सला शिकायला जातोय म्हटल्यावर पुण्यातल्या मित्रांनी ट्युलिप आणि पवनचक्क्या काढल्या. नाशिक जिल्ह्यातल्या निफाडला, आमच्या गावी, द्राक्षबागायतदार काकांनी एवढंच विचारलं, "रॉटरडॅमपासून किती लांब रे?"

जानेवारी ते एप्रिल आमच्या ओट्यावर रॉटरडॅमचं नाव पिंपळगाव-लासलगावच्या बरोबरीनं निघतं. तिथल्या बंदरात द्राक्षांचा माल साचला की इथं व्यापारी रेट पाडतो. त्यामुळे मार्चमधल्या एका रविवारी मी निघालो. वागेनिंगेन हे आमचं विद्यापीठाचं गाव, त्याला स्वतःचं रेल्वे स्टेशनही नाही. बसनं एडेला जायचं आणि पुढे ट्रेन.

रॉटरडॅमचा मार्कटहाल 2014 साली उघडला. भलीमोठी कमान, कमानीतच लोकांची घरं आणि आतून छतभर अवाढव्य फळं-भाज्यांची चित्रं. बघण्यासारखा आहे, पण खिशाला परवडणारा नाही. मला हवं होतं ते जवळच्या साध्या सुपरमार्केटात मिळालं. अर्ध्या किलोची प्लॅस्टिकची डबी, थॉमसन जातीची द्राक्षं, देश भारत.

तिथूनच काकांना व्हिडिओ कॉल लावला.

"मणी राहू दे, देठ दाखव."

दाखवला.

"वाळलाय. आफ्रिकेला वळसा घालून आला असंल."

2023 च्या अखेरीपासून जहाजं तांबडा समुद्र टाळायला लागली आणि माल पोचायला जास्त दिवस लागू लागले. हे मी वाचलं होतं. काकांनी देठावरून ओळखलं.

गंमत म्हणजे नाशिक मला वर्गातही भेटलं. अन्नसुरक्षेच्या तासाला एका स्लाइडवर एकच ओळ होती: 2010, भारतीय द्राक्षं, क्लोरमेक्वाट. म्हणजे आपलं सीसीसी, वेलीची वाढ आवरायला मारतात ते. त्याचा अंश सापडला आणि युरोपात कंटेनर अडकले. सरांनी अर्ध्या मिनिटात स्लाइड पुढे सरकवली. आमच्या घरी ते वर्ष अजून सरकलेलं नाही. काकांचे पैसे अडकले ते अडकलेच, ठरलेली मोटरसायकलही आली नाही.

(तसं भारतातून आलेल्या प्रत्येकाकडे थोडं नाशिक असतंच. पासपोर्टच्या पुस्तिका नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापतात. शेजारच्या खोलीतल्या लखनौच्या मुलाला हे मोठ्या अभिमानानं सांगितलं. त्यानं "अच्छा" म्हणून भात लावला.)

डबी संपवली, तरी काकांनी ती फेकू दिली नाही. निर्यातीच्या बागांची प्लॉटवार नोंद ठेवणारी ग्रेपनेट ही यंत्रणा 2006 पासून आहे. त्यामुळे माल कुणाच्या बागेतला ते शोधता येतं, असा त्यांचा हिशोब. लेबलचा फोटो मागवून घेतला. पॅकहाऊसला ओळखीचा पोरगा आहे म्हणे, तो लॉट नंबरावरून बघतोय. अजून काही निघालेलं नाही. माल आमच्या निफाडचा नाही, शेजारच्या दिंडोरीचा निघावा अशी काकांची फार इच्छा आहे, देठ वाळलेला होता ना!