तुम्ही विचारलंत म्हणून: नाव कुणाला ऐकवायचं असतं?

मला नावांविषयी वाचायचा नाद आहे, हे आता ओळखीपाळखीत सगळ्यांना माहीत झालंय. त्यामुळे कुणाकडे बाळ येणार असलं की चार-पाच नावांची यादी फोनवर येऊन पडते आणि खाली ठरलेला प्रश्न असतो: ‘यातल्या कशाचा अर्थ चांगला?’ मी अर्थ सांगते. पण प्रश्न अर्धाच विचारलाय असं दर वेळी वाटतं. अर्थ कोशात सापडतो. ते नाव कुणाच्या कानावर घालायचं म्हणून ठेवलं, हे कोशात नसतं, आणि खरी गंमत तिथेच असते.

मंगोलियाचंच घ्या. तिथे नेरगुई म्हणजे ‘नाव नाही’, एनेबिश म्हणजे ‘हा नव्हे’ आणि हुनबिश म्हणजे चक्क ‘माणूस नव्हे’. ही चेष्टा नाही, खरी नावं आहेत. आधीची मुलं दगावलेल्या घरांत ती ठेवत. वाईट शक्ती बाळाला शोधत आलीच तर तिला चकवा द्यायचा. ‘हा नव्हे’ ऐकून ती पुढे निघून जाईल, हा हिशेब. म्हणजे हाक बाळाला, पण बोलणं तिसऱ्याशीच.

नायजेरियातल्या योरुबांमध्ये भीती तीच, पण तिथे थेट बाळाचीच मनधरणी करतात. एकाच घरात पुन:पुन्हा जन्म घेऊन पुन:पुन्हा मरणारं मूल म्हणजे आबिकू. त्याचं नाव मालोमो, म्हणजे ‘पुन्हा जाऊ नकोस’, किंवा दुरोजाये, म्हणजे ‘थांब, आयुष्य उपभोग’. रोज शंभरदा मारली जाणारी ही हाक म्हणजे विनवणीच झाली. योरुबांच्या जुळ्यांची नावं तर जन्माआधीच ठरलेली असतात. आधी बाहेर येणारं ताइवो, मागून येणारं केहिंदे. पण थोरला मान केहिंदेला, कारण जग कसं आहे ते बघून यायला त्यानेच धाकट्याला पुढे धाडलं! या तर्कापुढे मी हात टेकले आहेत.

काही नावं एवढी खोलात जात नाहीत. घानातल्या अकान लोकांत जन्मवारच नाव होतो. शुक्रवारचा मुलगा कोफी, शनिवारचा क्वामे. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झालेले कोफी अट्टा अन्नान 8 एप्रिल 1938 ला जन्मले, तो शुक्रवार होता, आणि अट्टा म्हणजे जुळ्यांपैकी एक. बालीत पहिलं अपत्य वायान, मग माडे, न्योमान, केतुत, आणि पाचव्याला पुन्हा वायान. मुलगा-मुलगी हा भेद या नावांत नाही. प्राचीन रोममध्ये मात्र तो चांगलाच होता. मुलीला सरळ वडिलांच्या कुळाचं नाव लावून मोकळे व्हायचे. मार्क अँटनीच्या दोन मुली, दोघींचं नाव अँटोनिया. इतिहासकार एकीला थोरली आणि दुसरीला धाकटी म्हणून निभावून नेतात. घरात कसं निभावत असतील, कोण जाणे.

मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवतात ती उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची नावं. नुकत्याच गेलेल्या माणसाचं नाव नव्या बाळाला देतात आणि नावाबरोबर त्या माणसाची नातीही बाळाकडे येतात. आजीचं नाव मिळालेल्या बाळाला त्याची आईच ‘आई’ म्हणून हाक मारू शकते. नावांना लिंग नसल्यामुळे आजीचं नाव नातवालाही चालतं. गेलेल्या माणसाला सांगायचं असतं की तुझी जागा भरली आहे, आणि मागे राहिलेल्यांनाही तेच.

आता या घरात सरकारी नोंदवही घेऊन कुणी आलं तर त्याची काय गत होईल? आडनाव नाही, नातवाला आजीचं नाव, आई पोराला आई म्हणतेय. 1940 च्या दशकात कॅनडा सरकारने यावर तोडगा काढला तो क्रमांकाचा. गळ्यात दोरीने अडकवायच्या छोट्या गोल चकत्या वाटल्या. त्यावर पूर्वेकडच्यांसाठी ‘ई’, पश्चिमेकडच्यांसाठी ‘डब्ल्यू’ आणि पुढे आकडे. सरकारदरबारी माणूस म्हणजे तो आकडा. 1960 च्या दशकाच्या अखेरीस ‘प्रोजेक्ट सरनेम’ निघालं. एबी ओकपिक या इन्युइट गृहस्थांनी गावोगाव फिरून लोकांना आडनावं निवडायला लावली. चकतीपेक्षा आडनाव बरं, हे खरंच. पण तेही कारकुनाच्याच सोयीचं.

आडनावांचं जगभर बरंचसं असंच आहे. जपानमध्ये सगळ्यांना आडनावाची सक्ती 1875 ची, थायलंडचा कायदा 1913 चा, तुर्कस्तानचा 1934 चा. आपण ज्याला पिढीजात म्हणतो ते पुष्कळदा एखाद्या कायद्याच्या तारखेला जन्मलेलं असतं.

‘अर्थ चांगला आहे ना?’ या प्रश्नाने मात्र जर्मनीत माझी बोलती बंद होते. ऑगस्ट 1938 च्या फर्मानानुसार, ज्या ज्यूंची नावं सरकारने ठरवलेल्या यादीत बसत नव्हती त्यांना 1 जानेवारी 1939 पासून आणखी एक नाव लावणं भाग होतं: पुरुषांना इस्रायल, बायकांना सारा. दोन्ही नावं त्यांच्याच धर्मग्रंथातली आणि आदराची. नावांच्या अर्थामध्ये खोट काढायला जागाच नव्हती. पण ऐकणारा होता तपासणी करणारा पोलीस.

याउलट आइसलँड. तिथे नवी नावं समितीकडून मंजूर करून घ्यावी लागतात. एका मुलीचं नाव व्याकरणाने पुल्लिंगी ठरतं म्हणून नामंजूर झालं, आणि पुढे कितीतरी वर्षं सरकारी कागदांवर तिचं नाव होतं ‘मुलगी’. घरात सगळे आईने ठेवलेल्या नावानेच हाक मारत. 15 वर्षांची असताना, 2013 मध्ये, ती कोर्टात जिंकली. 2019 पासून तिथे नावाला लिंगाची अटच उरली नाही.

यादीनंतर हमखास येणारा दुसरा प्रश्न म्हणजे ‘हयात आजोबांचं नाव बाळाला ठेवलं तर चालेल का?’ याला जगात एकच एक उत्तर नाही. पूर्व युरोपातले अश्कनाझी ज्यू परंपरेने जिवंत नातेवाइकाचं नाव ठेवत नाहीत. मृत्युदूत नावं शोधत आला आणि त्याचा घोटाळा झाला तर, अशी एक भीती त्यामागे सांगतात. मूळच्या स्पेन-पोर्तुगालकडच्या सेफार्दी ज्यूंमध्ये मात्र हयात आजी-आजोबांचं नाव ठेवणं हाच त्यांचा मान. धर्म एकच. म्हणून मी माझं मत देत नाही. आजोबा आहेत ना, मग त्यांनाच विचारा.